प्रेयान् रसाची उपेक्षा: डाउन सिंड्रोमविषयक वाङ्मयातील बंधुभाव व सख्य

नवव्या शतकातील आलंकारिक रुद्रट याने ‘काव्यालंकारा’त नऊ रसांच्या जोडीला ‘प्रेयान्’ नावाचा दहावा रस मानला व स्नेह हा त्याचा स्थायिभाव ठरविला. अभिनवगुप्ताला हा विस्तार मान्य झाला नाही. स्नेहाला स्वतंत्र रसपद देण्याचे कारण नाही, असे सांगताना त्याने जी फोड केली ती मोठी मार्मिक आहे. बालकाचा मातापित्यांविषयीचा स्नेह भयात विश्रांत होतो, तरुणांचा मित्राविषयीचा स्नेह रतीत, आणि लक्ष्मणासारख्याचा भावाविषयीचा स्नेह धर्मवीरात. अर्थात् भाऊ भावावर प्रेम करतो ते अखेर कर्तव्याच्या पराक्रमात जमा होते. शास्त्र म्हणून या विवेचनाचे मोल काय ते असो; परंतु गेल्या सत्तर वर्षांत एका विशिष्ट प्रकारच्या मुलांविषयी जे वाङ्मय जगात निर्माण झाले, त्याच्या गुणदोषांची चिकित्सा करावयाची तर रुद्रट आणि अभिनवगुप्त यांच्यातील हा जुना मतभेद अनपेक्षितपणे उपयोगी पडतो. डाउन सिंड्रोम घेऊन जन्मलेले मूल आणि त्याची भावंडे, सवंगडी, आईबाप यांचे संबंध हा या वाङ्मयाचा विषय. त्यात करुण विपुल आहे, वत्सल त्याहून विपुल आहे, भावंडांच्या कथनांत धर्मवीरही भेटतो. उणीव आहे ती प्रेयान् रसाची.

वैद्यकाचा भाग थोडक्यात सांगता येतो. जॉन लँग्डन डाउन या इंग्रज वैद्याने 1866 साली या अवस्थेचे वर्णन केले आणि त्या काळच्या वंशविषयक भ्रामक कल्पनांना अनुसरून अशा मुलांना ‘मंगोल’ हे नाव दिले. 1959 साली झेरोम लेज्यून व त्यांच्या सहकाऱ्यांनी एकविसाव्या गुणसूत्राची तिसरी प्रत हे तिचे कारण असल्याचे प्रसिद्ध केले. 1961 मध्ये एकोणीस तज्ज्ञांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकाला पत्र लिहून ते जुने नाव टाकून द्यावे अशी मागणी केली. 1965 मध्ये मंगोलियाच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेनेही ते सोडले. डाउन यांचा स्वतःचा एक नातू, 1905 साली जन्मलेला, हीच अवस्था घेऊन आला होता. आजोबांनी ज्यांचे वर्गीकरण केले त्यांतला एक पुढे घरातच जन्मावा, या घटनेत कादंबरीचे बीज आहे. मराठीतही शब्दांची हीच फरफट झाली. ‘खुळा’, ‘मतिमंद’, ‘गतिमंद’, ‘विशेष’, ‘दिव्यांग’ असा तो प्रवास आहे. प्रत्येक नवा शब्द आधीच्या शब्दाला चिकटलेली तुच्छता धुऊन काढण्यासाठी येतो, आणि काही वर्षांत शाळेच्या मैदानावरील पोरे त्याचीच शिवी करतात. शब्द बदलून संबंध बदलत नाही. संबंध कसा घडतो व कसा बिघडतो हे दाखविणे वाङ्मयाचे काम आहे.

या वाङ्मयाच्या आरंभी डेल एव्हन्स रॉजर्स यांचे ‘एंजल अनअवेअर’ हे 1953 सालचे छोटे पुस्तक ठेवावे लागते. लेखिका व तिचा पती दोघेही अमेरिकन चित्रपटांतील नामांकित कलावंत. त्यांची मुलगी रॉबिन 1950 साली जन्मली आणि दुसरा वाढदिवस पाहण्यापूर्वीच गेली. स्वर्गात परतलेली ही बालिका आपल्या पृथ्वीवरील अल्प वास्तव्याचा वृत्तांत परमेश्वराला निवेदन करीत आहे, अशी पुस्तकाची मांडणी आहे. अशा मुलांना जन्मतःच संस्थेत पाठवावे हा ज्या काळी वैद्यांचा सर्वसाधारण सल्ला होता, त्या काळी लोकप्रिय दांपत्याने आपल्या मुलीविषयी उघडपणे लिहिणे ही धैर्याची गोष्ट होती. पुस्तकाचे उत्पन्नही अशा मुलांच्या कल्याणासाठी झटणाऱ्या संघटनेला देण्यात आले. हे सामाजिक श्रेय कुणी नाकारू नये. पण कलाकृती म्हणून पाहता या पुस्तकात एक विचित्र गोष्ट घडलेली आहे. मुलीला वाणी दिली, आणि त्या वाणीतून बोलते मात्र आई. तिच्यामुळे घर कसे बदलले, आईबापांची श्रद्धा कशी दृढ झाली, याचा हिशेब रॉबिन देते. तिला स्वतःला काय आवडत होते, कोणाच्या मांडीवर ती हट्टाने जाई, कोणाकडे पाहून मान फिरवी, याला या निवेदनात गौण स्थान आहे. देवदूताला सवंगडी नसतात. तो निरोप देतो आणि निघून जातो. ज्याच्याशी भांडता येत नाही त्याच्याशी सख्य करता येत नाही, एवढा साधा विचार या पुस्तकाला शिवलेला नाही.

याच प्रवृत्तीचे अधिक सुसंस्कृत रूप म्हणजे एमिली पर्ल किंग्जली यांचा ‘वेलकम टू हॉलंड’ हा 1987 सालचा छोटा निबंध. लहान मुलांसाठी असलेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या दूरदर्शनमालेच्या त्या लेखिका. इटलीच्या सहलीची तयारी करून निघालेल्या प्रवाशाला विमान हॉलंडमध्ये उतरवते, आणि हळूहळू त्याला त्या देशाचे वेगळे सौंदर्य उमगू लागते, असे हे रूपक. जगभर असंख्य आईबापांच्या हाती ते पडले व अनेकांना त्याने खरोखर धीर दिला. रूपक मात्र तपासून घ्यावयास हवे. त्यात आई ही प्रवासी आहे आणि मूल हा देश आहे. देश पाहता येतो, त्याच्यावर प्रेम जडू शकते, तो निराशाही करू शकतो; पण देश प्रवाशाकडे पाहत नाही. दोन माणसांमधील संबंध येथे एका माणसाच्या मनःस्थितीत विरघळून गेला आहे. याच लेखिकेच्या मुलाने पुढे जे केले त्याचा विचार शेवटी करावयाचा आहे.

या वाङ्मयाची दुसरी बाजू लपवण्याची. मूल घरात असूनही नसल्यासारखे करणे, किंवा घरातून काढून त्याच्या जागी मृत्यूची कथा ठेवणे. किम एडवर्ड्स यांच्या ‘द मेमरी कीपर्स डॉटर’ (2005) या कादंबरीचा आधार हाच आहे. 1964 सालच्या हिमवादळाच्या रात्री केंटकीतील एक डॉक्टर स्वतःच्या पत्नीचे बाळंतपण करतो. जुळी होतात. मुलगा निरोगी, मुलीच्या चेहऱ्यावर डॉक्टरला डाउन सिंड्रोमची लक्षणे दिसतात. तो ती मुलगी संस्थेत पोहोचविण्यासाठी परिचारिकेच्या हाती देतो व पत्नीला ती मेली असे सांगतो. परिचारिका मुलीला संस्थेत न सोडता दूर पिट्सबर्गला नेऊन वाढवते. एका असत्याने एक घर आतून कसे पोखरले जाते, हे लेखिकेने कौशल्याने दाखविले आहे. डॉक्टरच्या लहानपणी त्याची आजारी बहीण वारलेली असते; पत्नीला तसले दुःख भोगावे लागू नये ही त्याची समजूत. म्हणजे दुष्टपणातून नव्हे, दयेतून हे कृत्य घडते. हा बारकावा महत्त्वाचा आहे.

वाचकाला ही कल्पना अतिरंजित वाटण्याचा संभव आहे. परंतु ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ (1950) या ग्रंथाने बालकाच्या मनातील मूलभूत विश्वासाचा सिद्धांत मांडणारे, आणि पुढे अहमदाबादच्या गिरणी-संपाच्या निमित्ताने ‘गांधीज ट्रुथ’ (1969) लिहिणारे एरिक एरिक्सन यांच्या घरात 1944 साली नेमके हेच घडले होते. डाउन सिंड्रोम असलेले त्यांचे मूल संस्थेत ठेवण्यात आले आणि घरातील लहान भावंडांना ते जन्मतःच दगावल्याचे सांगण्यात आले. लॉरेन्स फ्रीडमन यांच्या 1999 सालच्या चरित्रामुळे ही हकीकत सर्वज्ञात झाली. आर्थर मिलर यांचे उदाहरण तितकेच बोलके आहे. 1966 साली जन्मलेल्या आपल्या अशाच मुलाचा उल्लेख त्यांनी ‘टाइमबेंड्स’ (1987) या विस्तृत आत्मचरित्रात कोठेही केला नाही. बापाने नाकारलेल्या जबाबदारीवर ‘ऑल माय सन्स’ (1947) लिहिणाऱ्या नाटककाराचे हे मौन. येथे कोणाच्या खासगी आयुष्याचा निवाडा करण्याचे प्रयोजन नाही. तो काळ, वैद्यांचा सल्ला, भीती, सारे लक्षात घ्यावे लागते. समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचे ते इतकेच की अशा घरांत आईबापांचे मूल जितके हरवले तितकेच भावंडांचे भावंडही हरवले, आणि या दुसऱ्या नुकसानीची नोंद वाङ्मयात फार उशिरा झाली.

एडवर्ड्स यांच्या कादंबरीतील सर्वांत बोलकी गोष्ट तिच्या रचनेत आहे. निवेदनाचा दृष्टिकोन डॉक्टर, पत्नी, परिचारिका आणि जुळा भाऊ यांच्यामध्ये फिरत राहतो. फीबीच्या मनात तो एकदाही शिरत नाही. जिला घरातून वगळल्याबद्दल कादंबरी पात्रांना दोषी धरते, तिला कादंबरीनेही आपल्या अंतरंगातून वगळले आहे. फीबी मोठी होते, मैत्री करते, लग्न करण्याची इच्छा बोलून दाखवते. हे प्रसंग ताजे आहेत, कारण तेथे ती कोणाच्या तरी पापाची खूण न राहता स्वतःसाठी काही मागते. पण ते मागणे बाहेरूनच ऐकू येते. लेखिकेचा संकोच समजण्यासारखा आहे. तरीही विल्यम फॉक्नर यांनी 1929 सालीच ‘द साउंड अँड द फ्युरी’चा संपूर्ण पहिला भाग बेंजीच्या मनातून सांगितला होता, हे विसरता येत नाही. बेंजीची अवस्था कोणती हे फॉक्नर सांगत नाहीत, आणि कालाचे भान नसलेले ते मन कितपत खरे व कितपत कलावंताची निर्मिती, हाही वाद आहे. पण बहिणीच्या अंगाला येणारा झाडांचा वास हीच ज्याची प्रीती, त्या भावाचे प्रेम वाचकाला आतून भोगावे लागते. न. चिं. केळकरांनी ज्याला सविकल्प समाधी म्हटले, ती दुसऱ्याच्या जागी जाऊनही स्वतःचे भान न सोडण्याची अवस्था, तिची याहून कठीण परीक्षा क्वचितच एखाद्या कादंबरीने घेतली असेल.

भावंडांनी स्वतः लिहिलेल्या पुस्तकांत इटलीतील जाकोमो मात्सारिओल यांचे ‘मिओ फ्रातेल्लो रिन्कोर्रे इ दिनोसावरी’ (2016) हे विशेष लक्षणीय आहे. ‘माझा भाऊ डायनोसॉरांच्या मागे धावतो’ असा या नावाचा अर्थ. लेखकाने विशीच्या आतच ते लिहिले. 2019 मध्ये त्यावर चित्रपटही आला. दोन बहिणींच्या घरात आता भाऊ येणार म्हणून पोरगा हरखून जातो. आईबाप सांगतात, बाळ ‘विशेष’ आहे. तो समजतो, भाऊ अतिमानवी शक्तींचा नायक असणार. मोठ्यांच्या सौम्य शब्दांनी मुलाच्या कल्पनेत केवढा घोटाळा उडतो याचे हे चित्र विनोदी आहे आणि निर्दयही. पुढे शाळा बदलते, नवे मित्र मिळतात, आणि हा मुलगा त्यांच्यापासून भावाचे अस्तित्व लपवू लागतो. या पुस्तकाचा कस येथे लागतो. एका मैत्रीसाठी दुसरे नाते नाकारावे लागते, असा पेच या वयातच पडतो. मोठ्या माणसाला समाजाची लाज वाटते, बारा-तेरा वर्षांच्या मुलाला वर्गातल्या चार जणांची, आणि दुसरी अधिक भयंकर असते. मात्सारिओल यांनी आपल्या त्या लाजेला कोठेही मुलायम केलेले नाही. लपवण्याचा धागा सुटतो तेव्हा मात्र कथन घाईने उजेडाकडे धावते आणि भाऊ पुन्हा एकदा शिकवणारा, डोळे उघडणारा होतो. अभिनवगुप्ताचे निदान येथे बरोबर ठरते. स्नेह धर्मवीरात विश्रांत झाला. भावाला स्वीकारणे हा निवेदकाचा पराक्रम ठरला. जेथे दोघे भाऊ नुसते खेळतात, एकमेकांना छळतात, ती पाने या पराक्रमाहून सरस आहेत.

भारतीय भाषांत व भारतीयांच्या लेखनात या विषयाची वाट थोडी निराळी आहे. अनिता देसाई यांच्या ‘क्लिअर लाइट ऑफ डे’ (1980) मधील जुन्या दिल्लीच्या घरात बाबा हा धाकटा भाऊ तीच ती जुनी गाणी ग्रामोफोनवर ऐकत राहतो. त्याच्या अवस्थेला लेखिका नाव देत नाही आणि ती डाउन सिंड्रोम समजण्याचेही कारण नाही. परंतु बिम आणि बाबा यांच्या नात्यात त्याग आहे तसा वैतागही आहे, आणि बिमने रागाच्या भरात त्याला दुखवावे हा प्रसंग त्या नात्याला खरेपणा देतो. तिचा राग ही बाबाला दिलेली बरोबरीची वागणूक आहे, असे म्हटले तर ते फारसे चुकीचे होणार नाही. मराठीत संजय सूरकर यांच्या ‘चौकट राजा’ (1991) या चित्रपटाने बालमैत्री हाच विषय घेतला. दिलीप प्रभावळकरांनी उभा केलेला नंदू जन्मतः तसा नाही. बालपणीच्या अपघाताने तो तसा झाला आहे, आणि मीनलच्या मनात त्या अपघाताची बोच आहे. अभिनय अविस्मरणीय आहे यात शंका नाही. पण मैत्रीचे रूपांतर ऋणात झाल्यामुळे कथेची सूत्रे मीनलच्या अपराधभावनेकडे गेली. ऋण फिटले की संबंध संपतो. मैत्री अशी फिटत नाही.

या सर्वांहून जुना आणि या चर्चेला अधिक जवळचा असा एक सवंगडी मराठी परंपरेत आहे: गौळणी-काल्यातला पेंद्या. तो लंगडा आहे, बोबडा आहे, बुद्धीने भोळा आहे. आजच्या वैद्यकाचे नाव त्याला चिकटविणे हास्यास्पद ठरेल. परंतु गोपाळांच्या मेळ्यात तो कोणाच्या दयेने आलेला नाही. तो आपली शिदोरी घेऊन आलेला आहे आणि ती काल्यात मिसळली जाते. कृष्ण त्याची थट्टा करतो, तोही कृष्णाची करतो. त्याच्या बोबडेपणावर लोक हसले, तमाशाने तर त्या हशाचा भरपूर वापर केला, आणि त्या हशात क्रौर्य नव्हतेच असे म्हणवत नाही. असे असले तरी पेंद्याला वगळून काला पूर्ण होत नाही, ही जाण त्या परंपरेत आहे. रुद्रटाचा दहावा रस शास्त्राच्या पोथीत उपेक्षित राहिला, पण काल्याच्या कीर्तनात तो नांदत होता.

आता ज्यांच्याविषयी एवढे लिहिले गेले त्यांनी स्वतः लिहिलेले पाहावे. नायजेल हंट या इंग्रज तरुणाचे ‘द वर्ल्ड ऑफ नायजेल हंट’ 1967 साली प्रसिद्ध झाले. त्यांच्या आईने त्यांना वाचावयास शिकविले होते; मजकूर त्यांनी स्वतः टंकलिखित केला. ज्या पेन्रोझ यांनी 1961 च्या त्या पत्रावर सही केली होती त्यांनीच प्रस्तावना लिहिली, आणि तरीही पुस्तकाच्या उपशीर्षकात तो टाकून दिलेला जुना शब्द राहिलाच. बाजाराला तो शब्द हवा होता हे उघड आहे. पुस्तकात प्रवास आहे, संगीत आहे, भेटलेल्या माणसांची गर्दी आहे. घटना एकीमागून एक येतात, त्यांना कार्यकारणाच्या दोऱ्यात ओवण्याचा आग्रह नाही. समीक्षक याला दोष म्हणतील. पण या गद्यात एक गोष्ट सहज साधली आहे, जी आईबापांच्या व भावंडांच्या पुस्तकांत प्रयत्नानेही साधत नाही: लेखक स्वतःला कोणाच्याही आयुष्याचा धडा समजत नाही. माणसे त्यांना आवडतात किंवा आवडत नाहीत, आणि तेवढ्यावर काम भागते.

1994 साली आलेल्या ‘काउंट अस इन’चे दोन लेखक जेसन किंग्जली आणि मिचेल लेविट्झ हे मित्र होते, दोघांनाही डाउन सिंड्रोम. त्यांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांतून हे पुस्तक सिद्ध झाले. मैत्री, लग्न, स्वतंत्र राहणे, राजकारण, स्वतःची अवस्था, असे विषय आहेत. विषय काढण्यात व मजकूर जुळविण्यात आयांचा हात आहे हे लपविलेले नाही. एका प्रकरणात जेसन किंग्जली आपल्या जन्माच्या वेळी आईबापांना निराश करणाऱ्या वैद्याला उत्तर देतात; ते प्रकरण सर्वत्र उद्धृत होते. परंतु पुस्तकाचे वैशिष्ट्य त्या उत्तरात नसून संवादाच्या घडणीत आहे. उत्तर वैद्याला दिलेले असते, म्हणजे पुन्हा बाहेरच्या जगाला. संवाद मात्र एका मित्राने दुसऱ्याशी केलेला असतो. तेथे विषय सुटतो आणि पुन्हा धरला जातो, तोच शब्द दोघांच्या तोंडी निरनिराळा अर्थ घेतो, आणि डाउन सिंड्रोम ही गोष्ट दोघांनाही समान असल्यामुळे ती कोणाचीच ओळख उरत नाही. हे जेसन म्हणजे ‘वेलकम टू हॉलंड’च्या लेखिकेचे पुत्र. आईच्या रूपकातला देश येथे बोलू लागला आणि त्याने प्रवाशाशी बोलण्याऐवजी आपल्या मित्राशी गप्पा सुरू केल्या. एका पानाचा तो निबंध ज्यांना पाठ आहे, अशांपैकी किती जणांनी हे पुस्तक उघडले असेल याविषयी शंकाच आहे.

हे पुस्तक मराठीत आणावयाचे तर अनुवादकाला पहिल्याच पानावर एक निर्णय करावा लागेल. इंग्रजीत तो करावा लागत नाही. पुस्तक निघाले तेव्हा एक लेखक विशीच्या उंबरठ्यावर होता आणि दुसऱ्याने विशी ओलांडली होती. आपसांत ते ‘अरे’, ‘तू’ असेच बोलतील. त्यात प्रश्न नाही. पण आयांच्या टिपणांत, प्रस्तावनेत, मलपृष्ठावर ‘जेसन सांगतो’ लिहावयाचे की ‘जेसन सांगतात’? मराठी घरांत डाउन सिंड्रोम असलेला माणूस चाळिशीचा झाला, त्याचे केस पांढरे झाले, तरी शेजारची शाळकरी पोरेही त्याला अरेतुरे करतात, आणि त्या एकेरीत माया असते हेही खरे. ग्रंथकाराला मात्र मराठी समीक्षा आदरार्थी बहुवचन देते. फॉक्नर लिहितात, देसाई लिहितात. मग किंग्जली आणि लेविट्झ हेही लिहितात. मित्राच्या तोंडची एकेरी आणि वाचकाच्या लेखणीतले बहुवचन ही दोन्ही एकाच पानावर नांदवावयाची, आणि आईच्या टिपणात यांपैकी कोणते येईल हे प्रत्येक वाक्यापाशी थांबून ठरवावयाचे, असे ते काम आहे.